पोहण्याच्या टाक्याशेजारी कचरा न करणारी, ४६ डिग्रीत टिकणारी झाडं सांगा (काटोल)

निंबाखालचं_घर, काटोल · ४ मार्च

नमस्कार मंडळी. काटोलपासून आठ किलोमीटरवर आमची संत्र्याची बाग आहे. पाच वर्षांपासून तिथेच आम्ही कृषी पर्यटन चालवतो. चार खोल्या, चुलीवरचा स्वयंपाक आणि सकाळी बागेत फेरफटका. दोन वर्षांपूर्वी मुलाने आणि सुनेने हट्टाने पोहण्याचं टाकं बांधलं. ३० बाय १५ फूट, एका टोकाला ३ फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेचार. साधारण ४८ हजार लिटर पाणी मावतं. त्यांचा हट्ट बरोबर होता. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाहुणा येतो तो या पाण्यासाठीच.

आता अडचण सांगते. टाक्याच्या पश्चिमेला वीस फुटांवर निंब आहे, माझ्या सासऱ्यांनी लावलेला. त्याच्या फांदीला माझ्या दोन्ही लेकरांचा झोका होता. निंब तोडा असा सल्ला कृपा करून देऊ नका, तो तुटणार नाही.

पण सध्या त्याची पानं गळून राहिली आहेत. रोज सकाळी साडेपाचला मी जाळी घेऊन टाक्यावर असते. वरवर तरंगणारं निघतं. पंपाआधी जो जाळीचा डबा असतो त्याचं झाकण उघडलं की आत पानांच्या काड्यांचा नुसता लगदा बसलेला असतो. बोटांनी खरवडून काढावा लागतो आणि हाताला दिवसभर कडू वास येतो. पाडव्यानंतर मोहर झडायला लागेल. तो तर माझ्या जाळीतूनही निघून जातो, पाण्यावर तांदळाच्या कण्या सांडल्यासारखा दिसतो. मग जूनमध्ये निंबोळ्या. फरशीवर त्यांचा चिकटा होतो आणि पोरं त्यावरून घसरतात.

निंबाचं मी सहन करीन. पण बाकी जे आम्ही मुद्दाम पैसे देऊन लावलं, त्याने जास्त त्रास दिला. बगिच्याचं काम करणाऱ्याने टाक्याच्या काठाला लागून बोगनवेल, अरेका पाम आणि पिवळा बांबू लावून दिला. पावसाळ्यात फार सुंदर दिसलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात अरेकाची टोकं कागदासारखी करपली. बांबूची पानं बाराही महिने पाण्यात. बोगनवेलीची फुलं वाऱ्याने उडून थेट पाण्यावर. आणि मागच्या एप्रिलमध्ये पाहुण्यांच्या सहा वर्षांच्या मुलीच्या तळपायात बोगनवेलीचा काटा अर्धा बोट आत गेला. मी स्वतः सुईने काढला. ती रडायची थांबली, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिन्ही वेली मुळापासून काढल्या.

आता काठ मोकळा आहे. मला हवं ते असं: पानं-फुलं कमी गळावीत, काटा नसावा, अनवाणी लेकरांना धोका नसावा, आणि फरशीची उलटी झळ सोसून झाड जगावं. पश्चिमेची दुपारची उन्हं थोडी अडली तर फार बरं. माती काळी आहे, विहिरीचं पाणी आहे, ठिबक टाकता येईल. जवळचा नर्सरीवाला कण्हेर आणि कोनोकार्पस घ्या म्हणतो, दोन्ही मरत नाहीत म्हणे. तीस हजारांपर्यंत खर्च करू शकते. ज्यांनी आपल्याकडच्या उन्हात स्वतः लावून पाहिलं आहे त्यांनी सांगावं.


गच्चीवरची_बाग, पुणे · ४ मार्च

ताई, आमच्या सोसायटीच्या पूलभोवती चाफा आणि खोटा अशोक आहे. चाफ्याची फुलं मोठी असतात, जाळीने पटकन उचलता येतात. अशोकाची भिंत छान होते, पडदाच तयार होतो. पण आमच्याकडे ४० च्या वर पारा क्वचितच जातो, त्यामुळे नागपूरकडच्या कुणीतरी दुजोरा द्यावा.


खुरपं, वर्धा रोड · ५ मार्च

ताई, मी चौदा वर्षं नागपूरच्या आसपासच्या फार्महाऊसचे बगिचे सांभाळतो. त्यांतल्या सहा ठिकाणी टाकी आहेत. तुमचं लिहिलेलं वाचून आधी कण्हेरीचं सांगतो, कारण ते थांबवायलाच पाहिजे. कण्हेर मरत नाही हे खरं. पण तिचं पान, फूल, खोड, सगळं विषारी. गुरं कण्हेर खाऊन दगावलेली आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावी लागत नाहीत. टाक्यावर लेकरू फूल तोडणार, तोंडात धरणार, पाकळ्या पाण्यात सोडून खेळणार. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तिचंही तेच, आणि तिला वर फळं. दोन्ही नकोत.

कोनोकार्पसही नको. वर्षभरात हिरवी भिंत उभी करतो म्हणून नर्सरीवाले पुढे करतात. त्याची मुळं पाण्याच्या मागावर निघतात आणि पाइप, गटार, भिंतीच्या भेगा सगळीकडे शिरतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली ती उगाच नाही. तुमच्याकडे जमिनीखालून फिल्टरचे पाइप आहेत. वड-पिंपळाच्या जातीतलं काहीही, शोभेचा फायकससुद्धा, याच कारणाने लांब ठेवा. खोट्या अशोकाबद्दल पुण्याच्या ताईंनी स्वतःच शंका काढली ते बरं केलं. त्याला फळं येतात, फळांवर रात्री वटवाघळं येतात, आणि सकाळी बिया आणि विष्ठा दोन्ही फरशीवर. मी एका ठिकाणी चौदा झाडं यासाठीच हलवली.

आता माझं मुख्य म्हणणं. झाड कोणतं हे नंतर, आधी वारा बघा. आपल्याकडे मार्च ते मे वारा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. पावसाळ्यातही बहुतेक पश्चिमेचाच. म्हणजे टाक्याच्या पश्चिमेला जे गळेल ते पाण्यात येणार आणि पूर्वेला जे गळेल ते शेताकडे जाणार. तुमचा निंब नेमका पश्चिमेला आहे. निंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्च, मोहर एप्रिलपर्यंत, निंबोळ्या जून-जुलै. बाकी सहा-सात महिने त्याचा काहीच त्रास नाही. म्हणून फुलं येणारं, पानं टाकणारं जे तुम्हाला आवडतं ते सगळं पूर्वेला लावा. पश्चिमेला फक्त तेच, जे काहीच टाकत नाही.

पश्चिमेला निंब आणि टाक्याच्या मध्ये मी वाळा लावीन. हो, आपला ताट्यांचा वाळा. एक फुटावर एक ठोंब, दोन ओळी, दुसरी ओळ पहिलीच्या फटींसमोर. दोन पावसाळ्यांत पाच-सहा फुटांची दाट भिंत होते. त्याला गळणारं पान नाही आणि आपल्याकडच्या वाळ्याला बी धरून ते उगवलेलं मी कधी पाहिलं नाही. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, सात-आठ फूट आणि त्याहूनही खोल. टाक्याच्या भिंतीला धोका नाही, उलट बांधाची माती धरून ठेवतात. जमिनीवरून लोळत येणारी निंबाची पानं या भिंतीत अडकतात. वरून उडणारी अडकणार नाहीत, त्यासाठी पुढे सांगतो. पात्याची कड थोडी कापरी असते, म्हणून चालायच्या वाटेपासून तीन फूट आत ठेवा.

सावलीसाठी फॉक्सटेल पाम. अरेकासारखा करपत नाही, वाळलेली फांदी देठासकट आपोआप सुटून पडते, आणि ती एवढी मोठी असते की हाताने उचलायची, जाळी लागत नाही. चार फुटांचं रोप घ्या, खोडापाशी गाभा टणक आहे का ते दाबून बघा. पहिले दोन उन्हाळे त्याला एप्रिल-मेमध्ये हिरवी शेडनेट बांधायची, मग तो आपला आपण राहतो. फळाचा घड दिसला की हिरवा असतानाच कापा. बॉटल पामही चालेल, पण तो फार हळू वाढतो. भेरली माड मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, त्याच्या फळाच्या रसाने अंगाला आग सुटते.

चाफा पूर्वेला. तांबडा-पिवळा साधा चाफा थंडीत पूर्ण निष्पर्ण होतो, पण पानं वीतभर लांबीची असतात, एका झाडाची पानगळ टोपलीभर हाताने वेचता येते. नर्सरीत पुडिका नावाचा पांढरा चाफा मिळतो, ज्याचं पान नागाच्या फण्यासारखं असतं. तो आपल्या थंडीतही बराचसा हिरवा राहतो आणि उन्हात तर जास्तच फुलतो. चाफ्याचा चीक कातडीला लागला तर खाज येते, एवढं लेकरांना सांगून ठेवा आणि छाटणी पाहुणे नसताना करा.

काठाजवळ, फरशीच्या झळीत, बुटकं काही हवं तर स्नेक प्लांट. लोक त्याला घरातलं झाड समजतात. थेट उन्हात त्याचा रंग फिका पडतो, पण मरत नाही. मी २०१३ च्या मेमध्ये, जेव्हा नागपुरात ४७.९ झालं होतं, एका टाक्याच्या दक्षिण काठावर पंधरा कुंड्या ठेवल्या होत्या. एकही गेली नाही. स्पायडर लिलीही चांगली, फक्त तिला आठवड्यातून दोन पाणी द्यावं लागतं, आणि कांदा विषारी असतो म्हणून उकरता येणार नाही अशा ठिकाणी लावायची. घायपात, युक्का, सायकस यांची टोकं डोळ्याच्या उंचीवर येतात, लेकरांच्या जागेत ती नकोतच.

आणि काळी माती! हे विसरू नका. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, आणि टाक्याच्या भिंतीला दोन्ही वेळा ओढ बसते. काठाला लागून वाफा करून त्यात रोज पाणी सोडलं तर तुम्ही झाडं जगवाल आणि टाकं फोडाल. वाफा काठापासून चार फूट दूर घ्या, दोन फूट खोल खणून काळी माती काढा, मुरूम, शेणखत आणि थोडी पोयट्याची माती भरा. कड विटांची, सहा इंच वर, म्हणजे पावसात गाळ टाक्यात वाहत नाही. उतार टाक्यापासून बाहेर. वरून भुसा, कोकोपीट, पालापाचोळा काही घालू नका, पहिल्या वावटळीत ते पाण्यावर येतं. नदीचे गोटे घाला, अंड्याएवढे.


निंबाखालचं_घर, काटोल · ५ मार्च

दादा, तुमचं मी दोनदा वाचलं, सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं. वाऱ्याचं कुणीच बोललं नव्हतं. आम्ही बोगनवेल बरोबर पश्चिमेलाच लावली होती. आज दुपारी तीन वाजता मी टाक्याच्या चारी कोपऱ्यांवर साडीच्या काठाच्या चिंध्या बांधून पाहिल्या. चारही पूर्वेकडे उडून राहिल्या होत्या.

वाळ्याचं वाचून लहानपण आठवलं. माहेरी दारा-खिडक्यांना ताट्या लागायच्या आणि त्यांवर पाणी मारायचं काम आम्हा बहिणींकडे होतं. मी इतकी वर्षं वाळा म्हणजे वाळलेली मुळं एवढंच समजत होते, उभं झाड डोळ्यासमोर कधी आलंच नाही.

दोन गोष्टी विचारते. वरून उडणाऱ्या निंबाच्या पानांसाठी तुम्ही सांगतो म्हणालात ते राहिलं. आणि मधमाश्या. एप्रिलमध्ये दुपारी टाक्याच्या काठावर शेकड्याने येतात. आम्हाला संत्र्याच्या आंबिया बहाराला त्याच माश्या लागतात, त्यांना मारायचं नाही. पण मागे एका पाहुण्याच्या पायाखाली माशी आली. फुलझाडं लावली तर त्या आणखी वाढतील का?


खुरपं, वर्धा रोड · ६ मार्च

चिंध्यांचं काम उत्तम केलंत ताई. चाळीस वर्षं काम केलेले माळीही हे करत नाहीत.

निंबासाठी शेडनेट. ७५ टक्के सावलीची हिरवी, टाक्यापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन फूट मोठी शिवून घ्या, दोन्ही लांब कडांना नायलॉनची दोरी आणि कड्या. रात्री पाहुणे पाण्यातून बाहेर आले की ओढायची, सकाळी झटकून गुंडाळायची. फक्त पानगळीपासून मोहर संपेपर्यंत, आणि परत निंबोळ्यांच्या दिवसांत. जाळी मधून पाण्याला टेकू देऊ नका, दोन आडव्या दोऱ्यांवर तोला. आणि रात्री कुणी त्यावर पाय ठेवणार नाही अशी दोरी-खुंटी आडवी लावा, लेकरांना ती जमीन वाटते. टाक्यावर झुकलेल्या एक-दोन बारीक फांद्या पावसाळा संपल्यावर उतरवा, त्याने निंबाचं काही बिघडत नाही.

मधमाश्या टाक्यावर फुलांसाठी येत नाहीत, पाण्यासाठी येतात. उन्हाळ्यात पोळं थंड ठेवायला त्यांना पाणी न्यावंच लागतं. त्यांना बागेच्या बाजूला, टाक्यापासून शंभर फूट लांब, पसरट परात द्या, त्यात गोटे आणि गोट्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी. फेब्रुवारीतच ठेवायला हवी होती, कारण एकदा त्यांना टाक्याची सवय लागली की मोडायला वेळ लागतो. आजच ठेवा. आणि रोज भरा, एक दिवस कोरडी राहिली की त्या परत टाक्यावर. पूर्वेच्या चाफ्याने माश्या वाढत नाहीत, त्याच्या फुलात मध नसतो.


फिल्टरवाला, अमरावती · ६ मार्च

झाडांचं मला कळत नाही, पाण्याचं थोडं सांगतो. पान पाण्यात राहिलं की क्लोरिन त्याच्यावर खर्च होतं आणि माणसांसाठी उरत नाही. मोकळं क्लोरिन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८, हे पानगळीच्या दिवसांत रोज दोनदा तपासा. क्लोरिन संध्याकाळी टाका, दुपारचं ऊन ते उडवून लावतं.

वाफ्यात युरिया फेकू नका. वाऱ्याने किंवा पावसाने तो टाक्यात आला तर क्लोरिनला खातो, डोळे चुरचुरतात, आणि खताने शेवाळ वाढतं ते वेगळंच. शेणखत, तेही मातीत मिसळून.

सगळ्यात महत्त्वाचं, फिल्टर उलटा धुतल्यावर निघणारं पाणी संत्र्याला सोडू नका. संत्र्याला क्लोराइड सोसत नाही, पानांच्या कडा जळतात. एका शेतकऱ्याने वर्षभर ते पाणी कडेच्या ओळीला दिलं आणि झाडं पिवळी का पडली म्हणून माती तपासत बसला. ते पाणी वेगळ्या खड्ड्यात घ्या.


वाळवंटातला_मराठी, मस्कत · ७ मार्च

आमच्याकडे इमारतीच्या टाक्याभोवती कुंड्यांमध्ये अडेनियम आहे. मूळचं याच भागातलं, ओमानच्या दक्षिणेला डोंगरात आपोआप उगवतं. ४५ च्या वर ते खुशीत असतं, पाणी आठवड्याला एकदा, पानं थोडी, फुलं मोठी. पण ते कण्हेरीच्याच कुळातलं, चीक विषारी. त्यामुळे ताई, ठेवायचं तर उंच कट्ट्यावर, लेकरांच्या हाताबाहेर. तळाला भोक मोठं असू द्या, पावसाळ्यात त्याचा कांदा कुजतो. विदर्भाच्या पावसात मी तरी ते छपराखाली घेईन.


निंबाखालचं_घर, काटोल · १९ जून

सगळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं. मार्चमध्येच पूर्वेचा वाफा खणला. दोन फुटांवरच काळी माती इतकी चिकट की मजुराच्या फावड्याला सुटेना. मुरूम भरला, विटांची कड केली. तीन पुडिका चाफे लावले, एकाला आतापर्यंत अकरा फुलं आली. स्नेक प्लांटच्या वीस कुंड्या काठावर ठेवल्या. मेमध्ये रंग उतरला, मी रोज त्यांच्यापाशी जाऊन उभी राहायचे, पण एकही गेली नाही. फॉक्सटेल पाम दोन घेतले, शेडनेट बांधली. एकाची खालची पात करपली, गाभा हिरवा आहे. अडेनियम नाही घेतलं. विषारी म्हटल्यावर मन झालं नाही.

रात्रीची जाळी सुनेने शिवली. एप्रिलमध्ये एके सकाळी ती गुंडाळताना मोहराचा ढीग पाटीभर निघाला आणि खाली पाणी आरशासारखं. पंपाचा डबा पूर्वी रोज उघडत होते, आता चार दिवसांनी. सासूबाईंनी तो मोहर वाया जाऊ दिला नाही, धुऊन वाळवला आणि गुळासोबत डब्यात भरून ठेवला.

माश्यांची परात मी रोज सकाळी भरते. पहिले आठ-दहा दिवस त्या टाक्यावरच येत राहिल्या, मग हळूहळू तिकडे वळल्या. परातीच्या काठावर इतक्या दाटीने बसतात की गोटे दिसत नाहीत. टाक्यावर मेमध्ये मोजक्याच दिसल्या.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. आता वाळा लावायचा आहे, दोन ओळी मिळून ऐंशी ठोंब लागतील. काटोल-नरखेडकडे कुणाच्या बांधावर आहे का? खुरपं दादा, ठोंब लावताना पातं किती उंचीवर छाटायचं?


खुरपं, वर्धा रोड · १९ जून

पातं वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं, एका ठोंबात तीन फुटवे तरी असू द्या. माझ्याकडे हिंगण्याच्या एका बांधावर भरपूर आहे, मालकाला विचारून ठेवलंय. रविवारी गाडी आणि ओली पोती घेऊन या, सकाळी सातच्या आत, उन्हं चढली की मुळं सुकतात.